पोस्टग्रेस सर्व्हरची मेमरी: रॅम वाढवण्याआधी हे वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ज्यांच्याकडे आम्ही लिनक्सवर पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) हे डेटाबेस सॉफ्टवेअर बसवून दिले आहे, त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींसाठी हे पत्रक आहे. मार्चअखेरीला सगळे विभाग एकदम रिपोर्ट काढायला बसतात आणि डेटाबेस मध्येच बंद पडतो. मग पहिली मागणी येते ती रॅम वाढवण्याची. आमचा आग्रह आहे की आधी असलेल्या रॅमची वाटणी तपासा. पुष्कळदा रॅम पुरेशी असते, पण कोणाला किती द्यायची हे कुणी ठरवलेलेच नसते.

सामाईक मेमरी किती द्यावी

पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस (चालू प्रोग्राम) सुरू करतो. या सगळ्या प्रोसेस मिळून जी मेमरी वापरतात ती शेअर्ड मेमरी, आणि तिचा मोठा भाग म्हणजे ‘शेअर्ड बफर्स’, डेटा रॅममध्ये धरून ठेवण्याची पोस्टग्रेसची जागा. हे सेटिंग मुळात १२८ एमबी असते. यंत्र फक्त डेटाबेससाठी असेल तर एकूण रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करावी. ४० टक्क्यांच्या पुढे सहसा फायदा होत नाही, कारण लिनक्स स्वतःही फाइली रॅममध्ये धरून ठेवतो आणि पोस्टग्रेस त्यावरही विसंबून असतो.

इंटरनेटवरचे जुने सल्ले ‘शमॅक्स’ ही कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) शेअर्ड मेमरीवरची मर्यादा वाढवायला सांगतात. एके काळी ते बरोबर होते. लिनक्सची ही मर्यादा मुळात ३२ एमबी असायची आणि पोस्टग्रेसला ती हाताने वाढवून द्यावी लागे. २०१३ साली आलेल्या ९.३ आवृत्तीपासून पोस्टग्रेस ही मेमरी दुसऱ्या मार्गाने घेतो. जुन्या मार्गाने मोजके बाइट तेवढे घेतले जातात. म्हणून निव्वळ पोस्टग्रेससाठी कुणी ही मर्यादा वाढवणाऱ्या ओळी सेटिंगमध्ये उतरवून ठेवल्या असतील, तर आम्हाला विचारून काढून टाका.

खरा खर्च इथे होतो

‘वर्क मेम’ म्हणजे क्रमवारी लावण्यासारख्या एका कामाला मिळणारी मेमरी; हे सेटिंग मुळात ४ एमबी असते. रिपोर्ट हळू चालतो म्हणून कुणीतरी ते ६४ एमबी करतो. ही मेमरी संपूर्ण सर्व्हरला मिळून एकदा लागत नाही, प्रत्येक कनेक्शनला एकदाच लागते असेही नाही. एका क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) क्रमवारी लावण्याचे काम तीन ठिकाणी असेल तर ती तीनदा लागू शकते. आता ३२ जीबीचे यंत्र घ्या. २०० कनेक्शन, प्रत्येकी तीन क्रमवाऱ्या, प्रत्येकीला ६४ एमबी: झाले साडेसदतीस जीबी, शेअर्ड बफर्सचे ८ जीबी वेगळेच. रोज असे होत नाही, म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही. जड रिपोर्टच्या युजरपुरतेच हे सेटिंग वाढवता येते. आम्ही तेच सुचवतो. कनेक्शन फार असतील तर मध्ये पूलर, म्हणजे मोजकी कनेक्शन अनेकांना वाटून देणारा प्रोग्राम, बसवावा.

मेमरी खरोखरच संपली की कर्नल एखादी प्रोसेस निवडून मारून टाकतो. ती पोस्टग्रेसची असेल तर सामाईक मेमरी अर्धवट लिहिली गेली असण्याची शक्यता धरून पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शन तोडतो आणि बदलांच्या नोंदवहीवरून (वॅल) डेटाबेस पुन्हा सुसंगत करून घेतो. कमिट (कायम) झालेल्या नोंदी सुरक्षित राहतात, पण अर्धवट व्यवहार रद्द होतात आणि काउंटरवरच्या प्रत्येकाचा स्क्रीन अडकतो. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये ‘सिग्नल ९’ने प्रोसेस संपल्याची ओळ दिसली तर आधी हाच संशय घ्या आणि त्याच वेळेचा कर्नलचा लॉग पाहा.

यावर उपाय म्हणजे कर्नलला ऐपतीपेक्षा जास्त मेमरी कबूल करू न देणे. त्यासाठी ओव्हरकमिटचे सेटिंग २ करतात. मात्र एवढेच करून थांबू नका. त्याच्या जोडीचे प्रमाण मुळात ५० टक्के असते, म्हणजे रॅमचा निम्मा भाग आणि स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) एवढीच मेमरी कबूल होते; ३२ जीबी रॅम आणि २ जीबी स्वॅप असेल तर कर्नल १८ जीबीवरच हात आखडतो आणि रॅम मोकळी असतानाही क्वेरी नापास होतात. प्रमाण ८० केले तर ही मर्यादा साडेसत्तावीस जीबीच्या आसपास जाते. त्याच यंत्रावर दुसरे मोठे सॉफ्टवेअर असेल तर हा बदल आम्हाला कळवल्याशिवाय करू नये.

मोठी पाने

लिनक्स मेमरीचा हिशेब ४ केबीच्या पानांत ठेवतो. ८ जीबी बफर्सची अशी सुमारे २१ लाख पाने होतात. एखाद्या प्रोसेसने ती सगळी वापरली तर नुसत्या नोंदींसाठी तिला १६ एमबी लागतात. अशा १०० प्रोसेस म्हटल्या की दीड जीबीहून जास्त मेमरी नोंदीतच जाते! २ एमबीची ‘ह्यूज पेजेस’ वापरली तर तीच पाने चार हजारांच्या थोडी वर राहतात. ती नेमकी किती राखून ठेवायची हे १५ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस स्वतःच सांगतो. बफर्स मोठे असलेल्या प्रत्येक ग्राहकाने हा बदल करून घ्यावा.

लहान दिसणाऱ्या, पण दिवस घालवणाऱ्या गोष्टी

उघड्या फाइलींची मर्यादा ‘लिमिट्स’च्या फाइलमध्ये वाढवूनही फरक पडत नसेल, तर पोस्टग्रेस सिस्टिमडीकडून (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडून) सुरू होतो का ते पाहा. ती फाइल लॉगिन करणाऱ्यांना लागू होते. सर्व्हिसची मर्यादा सर्व्हिसच्याच फाइलमध्ये लिहावी लागते.

पोस्टग्रेस साध्या युजरच्या नावाने चालत असेल, तर तो युजर लॉगआउट झाल्यावर सिस्टिमडी त्याची शेअर्ड मेमरी पुसून टाकू शकतो आणि समांतर चालणाऱ्या क्वेरी अचानक अडतात. सिस्टिमडीचे ‘रिमूव्ह आयपीसी’ हे सेटिंग ‘नो’ करा, किंवा पोस्टग्रेससाठी सिस्टिम युजर (माणसासाठी नसलेला, सर्व्हिससाठीचा युजर) ठेवा. अधिकृत पॅकेजमधून बसवलेल्या पोस्टग्रेसला तो असतोच.

पोस्टग्रेस डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त कप्प्यात (कंटेनरमध्ये), चालवला तर शेअर्ड मेमरीची जागा मुळात फक्त ६४ एमबी मिळते. डिस्क रिकामी असताना ‘जागा उरली नाही’ असा संदेश आला तर कंटेनर सुरू करतानाच ही जागा वाढवून द्या.

शेअर्ड बफर्स किंवा ह्यूज पेजेस बदलल्यावर पोस्टग्रेस बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. त्यामुळे हे काम कार्यालय सुटल्यावर, बॅकअप पूर्ण झाल्याची खात्री करून घ्या. आम्हाला बोलावण्याआधी रॅम, स्वॅप, जास्तीत जास्त कनेक्शन, वर्क मेम आणि बिघाडाच्या वेळेचे दोन्ही लॉग पाठवून ठेवा.