औषध पेशीत शिरलं, पण गेलं कुठे?

कर्करोगावरच्या एका औषधाला सरावलेली पेशी कधी संबंधच न आलेल्या दुसऱ्या औषधांनाही दाद देत नाही, हे १९७० मध्ये जून बीडलर आणि हान्सयॉर्ग रीम यांनी हॅमस्टरच्या पेशींवर दाखवलं. १९७३ मध्ये डेन्मार्कच्या केल्ड डानो यांना त्यामागची हालचाल दिसली: पेशी ऊर्जा खर्चून डॉनोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध बाहेर टाकत होती. तीन वर्षांनी रुडी जुलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना अशा प्रतिरोधी, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या, पेशींच्या पटलात (बाहेरच्या आवरणात) एक प्रथिन सापडलं, पी-ग्लायकोप्रोटीन. त्यातला ‘पी’ पर्मिएबिलिटीचा, म्हणजे पारगम्यतेचा. पटलातून औषध आत झिरपणंच कमी होत असावं, असा तेव्हाचा समज होता. हा पंप आहे, हे १९८६ मध्ये जनुकाचा क्रम जिवाणूंच्या वाहक प्रथिनांशी जुळल्यावर पक्कं होत गेलं.

मग पंप रोखणारी औषधं आली. व्हेरापमिल या हृदयविकारावरच्या औषधाचा असा परिणाम जपानच्या त्सुरुओ यांनी १९८१ मध्येच दाखवला होता, पण रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांनी बहुतेकदा निराशाच केली.

या सगळ्यात लक्ष राहिलं ते पेशीच्या वेशीवर. मला मात्र आतली वाहतूक अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती डोळ्यांना दिसतेही. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधावर ठरावीक प्रकाश टाकला की ते स्वतःच चमकतं. औषधाला बळी पडणाऱ्या पेशीत केंद्रक उजळतं, कारण डीएनए हेच त्याचं लक्ष्य. अनेक प्रतिरोधी पेशींत केंद्रक अंधारं राहतं आणि चमक बाहेरच्या पेशीद्रवात बारीक ठिपक्यांत साठते. औषध पेशीत आहे, पण कामाच्या जागी नाही.

त्यातले बरेच ठिपके लायसोसोमचे, म्हणजे पेशीतल्या आम्लानं भरलेल्या पचनाच्या पिशव्यांचे असतात. औषध तिथे का अडकतं, याचं उत्तर ख्रिश्चियन द डुव्ह यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं. डॉक्सोरुबिसिनसारखा आम्लारी गुणाचा रेणू प्रभार नसताना पटल सहज ओलांडतो. आतल्या आम्लात त्याला प्रोटॉन चिकटतो आणि परतीची वाट बंद होते. लायसोसोमची आम्लता मलेरियावरच्या क्लोरोक्विनसारख्या रेणूंनी उतरवली, तर औषध पुन्हा केंद्रकाकडे वळताना दिसतं.

२०१३ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी पंप आणि लायसोसोम हे दोन्ही धागे जोडले. पेशीपटलाचा तुकडा आत वळून पिशवी झाली आणि तीच पुढे लायसोसोम बनली, की त्याची बाहेरची बाजू पिशवीच्या आत येते. त्यावरचा पी-ग्लायकोप्रोटीन पंप चालूच राहतो, फक्त आता तो औषध लायसोसोममध्ये भरतो.