वरचा सूर लागत नाही? ट्रम्पेट दुरुस्तीला आणण्याआधी हे वाचा

लग्नसराई आली की आमच्याकडे एकच तक्रार, वरचा सूर लागत नाही, वॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा) बघा. मग आम्ही सगळं खोलतो, वॉल्व्हमधले पिस्टन पुसतो, हवा गळतीये का बघतो आणि बऱ्याचदा काहीच सापडत नाही, तुमचा दिवस मात्र जातो.

वॉल्व्ह न दाबताही सा, प, वरचा सा, ग, प एवढे सूर निघतात हे तुम्हाला माहितीये, म्हणजे वर चढायचं काम ओठांचं आणि हवेचं. पण वरचा सूर आला की बहुतेक जण उजवी करंगळी हुकात अडकवून ट्रम्पेट तोंडावर ओढतात. एकदोनदा सूर लागतो, नाही असं नाही, पण माउथपीसच्या (ओठांना लावायच्या भागाच्या) कडेखाली ओठातलं रक्त दबतं, ओठ थरथरायचे थांबतात आणि वरात अर्ध्या रस्त्यात असतानाच वाटतं दम संपला, दम असतो हो, ओठ गेलेले असतात.

घरी करून बघा. करंगळी हुकातून काढा, मधला प (वरच्या साच्या खालचा) लांब धरा आणि धरलेला असतानाच ट्रम्पेट ओठांवरून अगदी हळूहळू सैल करा. जरासं सैल करताच सूर तुटला तर दोष दाबाचा आहे. ओठांचे कोपरे घट्ट, मधे मोकळं, गाल फुगवू नका. श्वास तोंडाच्या कोपऱ्यांतून, खांदे न उचलता, पोट-कंबर भरेल असा घ्या आणि आत अडवून न धरता लगेच फुंका. रोज 10 मिनिटं बारीक आवाजात लांब सूर, आणि जेवढा वेळ वाजवलं तेवढा वेळ ओठांना आराम.

वरच्या सुरासाठी उथळ माउथपीस मागतात, आम्ही तो लगेच देत नाही, काहींना राग येतो. त्याने थोडी मदत होते, पण आवाज पातळ होतो आणि दाबायची सवय तशीच राहते. शिकणाऱ्याला 7सी मापाचा माउथपीस पुरतो, तो आमच्याकडे आहे.

म्हणूनच आम्ही आधी तुम्हाला समोर वाजवायला लावतो, मग स्वतः वाजवतो. आमच्याकडून सूर नीट लागला तर वाद्य खोलत नाही, पैसेही घेत नाही. खालचे सूरसुद्धा फुसके येत असतील, पिस्टन अडकत असेल तर मात्र जरूर आणा. माउथपीस अडकला तर पक्कड लावू नका, पाइप पिळला जातो, आमच्याकडे तो ओढून काढायचं अवजार, पुलर, आहे. गणपतीचं काम असेल तर महिनाभर आधी या, ऐनवेळी रांग असते.