घोडीखालचा स्पंज

सवाईला गाणं सुरू होण्याआधी तंबोऱ्याच्या तारेखालचं सूत केसभर सरकवणारे हात पुण्यात बहुतेकांनी पाहिले असतील. सूत जागेवर बसलं की जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, खुलते. बास गिटारच्या इतिहासातही बरीच करामत घोडीपाशीच, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपाशीच झाली, पण उलटी. तिथे सुताऐवजी स्पंज आला, नाद आवरायला.

लिओ फेंडरचा प्रिसिजन हा बास गिटार १९५१चा. फ्रेटमुळे, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमुळे, सूर नेमका लागतो, म्हणून प्रिसिजन. घोडीवरच्या धातूच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असायचा. बऱ्याच जणांनी झाकणासकट तो काढून टाकला. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओतल्या बासवादक जेम्स जेमरसननं मात्र ठेवला. त्याचा १९६२चा प्रिसिजन, त्यावर जाड, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, त्याही तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. वाजवायचा एका तर्जनीनं, आणि गिटारची वायर थेट रेकॉर्डिंगच्या मिक्सरकडे. आजचा कुठलाही दुकानदार अशा तारांना भंगार म्हणेल. पण प्रत्येक सूर ‘ठुप्’ करून लगेच थांबायचा, म्हणून त्याच्या अवघड, वळणदार ओळीसुद्धा ड्रमच्या अंगावर आल्या नाहीत.

इंग्लंडनं वेगळी वाट धरली. १९६६मध्ये अ‍ॅबी रोडला बीटल्ससाठी बास अ‍ॅम्पसमोर माइकऐवजी चक्क स्पीकर उलटा जोडून ठेवला. स्पीकरचा पडदा माइकपेक्षा मोठा, म्हणून खर्ज जास्त पकडला जाईल, हा हिशेब. त्याच सुमारास द हू या रॉक बँडच्या जॉन एंटव्हिसलमुळे खरखरीत राउंडवाउंड तारा रुळल्या आणि बास पियानोसारखा खणखणू लागला. येस या बँडच्या ख्रिस स्क्वायरनं आपल्या रिकनबॅकर बासच्या दोन पिकअपचा, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या भागांचा, आवाज वेगवेगळ्या वायरींनी बाहेर काढला, एकातून खर्ज, दुसऱ्यातून धार.

बासवादक जाको पास्टोरियसचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं. त्यानं फेंडरच्याच जाझ बास या गिटारचे फ्रेट उपटले. पण राउंडवाउंड तारा लाकूड कानशीसारख्या खातात, म्हणून दांड्यावरच्या पट्टीवर होड्यांना लावतात तसलं इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारं रसायन, चढवलं. काचेसारख्या त्या थरामुळे मींड गाऊ लागली. १९७६च्या त्याच्या पहिल्या अल्बमवर ती ऐकू येते.

कोथरूडला घरच्या घरी रेकॉर्डिंग करताना आमचा बास ढोलकीच्या धुमावर, म्हणजे तिच्या खर्जाच्या बाजूवर, चढत होता. भांडी घासायचा स्पंज कापून घोडीपाशी खोचला. हेडफोनवर झकास. मोबाइलवर लावलं तर बास गायब! सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्झ. तो एवढ्याशा स्पीकरला झेपत नाही. मूळ सुरासोबत निघणाऱ्या वरच्या स्वरांशांवरून कान त्याचा अंदाज बांधतो, आणि तेच स्पंजनं खाल्ले होते. शेवटी तीच ओळ दोनदा वाजवली, एकदा स्पंज लावून, एकदा काढून, आणि दुसरी अगदी हळू आवाजात खाली मिसळली.