हवा काढली तरी फ्रिज हवाच

दिवाळीआधी पुण्यातल्या कुरिअरच्या दुकानांत परदेशी जाणाऱ्या फराळाची खोकी रचलेली दिसतात. आमच्याकडूनही भाचीला खोकं जातं, म्हणून यंदा व्हॅक्यूम करायचं छोटं यंत्र घेतलं. पहिल्यांदा भरलं दाण्याचं कूट. मोटर घरघरली, पिशवी आक्रसत गेली आणि बघता बघता कुटाची वीट झाली, ओट्यावर ठेवताना ठक्क वाजणारी.

हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. कुटातल्या तेलावर त्याची क्रिया झाली की कूट खवट होतं. बुरशीला आणि धान्यातल्या टोक्यांनाही तो लागतोच. त्यामुळे दाणे, मेतकूट, इंद्रायणी तांदूळ असा कोरडा माल या पिशवीत उत्तम टिकतो, पावसाळ्यात सादळतही नाही. चिवड्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. आतली हवा गेली की बाहेरची हवा पिशवीच्या दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ 1 किलोचा भार टाकते आणि पातळ पोह्यांचा चुरा होतो. वेफर्सच्या पाकिटांत नायट्रोजन भरतात, त्याचं एक कारण हेच.

मला काळजी वाटते ती ओल्या पदार्थांची. उसळ विटली की आंबूस वास येतो, तार सुटते आणि आपण ती टाकून देतो. हा इशारा देणाऱ्या जंतूंपैकी बरेचसे हवेवर वाढणारे. हवा काढली की ते मागे पडतात आणि मैदान मोकळं मिळतं क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमला. मातीत राहणाऱ्या या जिवाणूला ऑक्सिजन सोसतच नाही. त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. त्यासाठी 121 अंश सेल्सिअस लागतात, आणि पुणे साधारण 560 मीटर उंचीवर असल्याने इथलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. त्याच्या विषाने स्नायू लुळे पडतात, श्वासही थांबू शकतो. आणि अन्नाचा वास किंवा चव बदललेली असेलच असं नाही.

म्हणून शिजवलेली भाजी, सोललेला लसूण, मशरूम भरलेली पिशवी ओट्यावर ठेवू नका. चार दिवसांत संपणार असेल तर फ्रिज, नाहीतर उणे 18 अंशांचा फ्रीझर. तिथे या पिशवीचं चीज होतं, कारण गोठलेल्या पदार्थातला बर्फ हवेत उडून जात नाही आणि तो कोरडा, चिवट पडत नाही. रसभाजी आधी डब्यात गोठवून घ्या आणि मग ती वडी पिशवीत भरा, म्हणजे रस यंत्रात ओढला जाणार नाही.