प्लास्टिक पिशवीबंदी: मायक्रॉन आणि जीएसएमचा गुंता

हाताला कापडासारखी लागणारी, वर डी आकाराची खाच असलेली पांढरी नाहीतर हिरवी पिशवी आता घरोघरी आहे. पुष्कळ जण तिला कापडी पिशवीच म्हणतात. पण ती कापडी नाही. पॉलीप्रॉपिलिन वितळवून त्याचे बारीक तंतू काढतात, ते पसरवतात आणि उष्णतेने दाबून एकमेकांना चिकटवतात. त्यात विणकाम कुठेच नसतं, म्हणून नाव नॉन-वोव्हन. तिचा तुकडा आणि सुती चिंधी शेजारी ठेवून काडी लावली की फरक लगेच कळतो. चिंधीची राख होते, हिचा वितळून कडक गोळा होतो. पिशवीबंदी असलेल्या महाराष्ट्रात ही पिशवी काउंटरवर राजरोस कशी आली, हे समजून घ्यायचं तर जाडीच्या आकड्यांकडे वळावं लागतं.

प्लास्टिकच्या पिशव्या येण्याआधी वाण्याकडे कागदाची पुडी आणि दोऱ्याचा वेढा, तेलाला घरची किटली, भाजीला खांद्यावरची पिशवी अशी पद्धत होती. मग पातळ प्लास्टिकची झबला पिशवी आली. ती फुकट, हलकी आणि ओलं सामान पेलणारी होती, त्यामुळे घरून पिशवी नेण्याची सवय हळूहळू मोडली.

पिशवीचा कचरा होतो हे सरकारदरबारी मान्य झालं, तेव्हा मोजमाप निवडलं गेलं ते जाडीचं. १९९९ च्या केंद्रीय नियमांनी नव्या प्लास्टिकच्या पिशवीला किमान २० मायक्रॉनची अट घातली. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अटीमागचं कारण रास्त होतं. कचरावेचकांना पैसे किलोवर मिळतात. अगदी पातळ पिशवी कितीही गोळा केली तरी वजन भरत नाही, म्हणून ती कोणी उचलत नाही. मग ती उडते आणि गटारात जाऊन बसते.

गटारात बसलेल्या पिशव्यांनी काय होतं, हे २६ जुलै २००५ ला मुंबईने पाहिलं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुराची कारणं अनेक होती. मिठी नदीचं आक्रसलेलं पात्र होतं, खाडीत टाकलेला भराव होता, भरतीची वेळही होती. पण नाल्यांत तुंबलेलं प्लास्टिक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. बांगलादेशातही पुराच्या अशाच अनुभवानंतर २००२ मध्ये पातळ पॉलिथिन पिशव्या बंद झाल्या होत्या. इकडे आधी सगळ्याच पिशव्या बंद करण्याची भाषा झाली. राज्याचे २००६ चे नियम आले ते मात्र ५० मायक्रॉन आणि किमान ८ बाय १२ इंच आकार एवढ्यावर थांबले. माझ्या मते पुढच्या गुंत्याची सुरुवात इथे झाली. प्रश्न पिशवी वापरावी का हा होता, उत्तर मात्र ती किती जाड असावी याचं दिलं गेलं.

याचा हिशेब घरी मांडता येतो. ८ बाय १२ इंचांची साधी पॉलिथिन पिशवी घ्या, हँडल सोडून. २० मायक्रॉनला तिचं वजन भरतं साधारण २.३ ग्रॅम, ५० मायक्रॉनला ५.७ आणि १२० मायक्रॉनला पावणेचौदा. म्हणजे किलोत आधी सव्वाचारशेच्या वर पिशव्या बसायच्या, मग पावणेदोनशे आणि शेवटी सत्तरेक. कचरावेचकाला जाड पिशवी परवडते, हे खरं. दुकानदारालाही ती फुकट वाटणं जड जातं, तेही खरं. पण लोकांनी पिशव्यांची संख्या त्याच प्रमाणात कमी केली नाही, तर प्रत्येक नव्या आकड्यासोबत प्लास्टिक वाढतं. शिवाय मायक्रॉन डोळ्यांना दिसत नाही. तपासणी पथकाकडे जाडी मोजायचं यंत्र असतं. भाजीच्या गाडीवर बसलेल्या बाईकडे अंगठा आणि तर्जनी. आणि दहा वर्षं राज्याचा आकडा ५०, तर केंद्राचा आधी २० आणि २०११ पासून ४०. शेजारच्या राज्यात कायदेशीर असलेली पिशवी सीमा ओलांडली की बेकायदा ठरायची. मग ती पोत्याखाली लपायची आणि गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर बाहेर यायची.

२०१६ मध्ये केंद्रही ५० वर आलं. त्या नियमांत एक चांगली तरतूद होती: पिशव्या देणाऱ्या विक्रेत्याने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून महिन्याला किमान ४,००० रुपये भरायचे. ती रुजण्याआधीच मार्च २०१८ च्या दुरुस्तीत निघून गेली.

त्याच मार्चमध्ये, २३ तारखेला, राज्याने जाडीचा नाद सोडला. कुठल्याही जाडीची, हँडल असलेली वा नसलेली प्लास्टिक पिशवी बंद. थर्माकोलची ताटं, एकदाच वापरायचे पेले आणि चमचेही बंद. बंदी हवी तर ती अशी सरसकट असावी, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. हातातला साठा संपवायला तीन महिने मिळाले आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पाच हजार रुपये भाजीवालीकडूनही तेवढेच आणि मोठ्या दालनाकडूनही तेवढेच. जूनअखेर किराणा मालाच्या पॅकिंगला ५० मायक्रॉनच्या वर सूट मिळाली आणि सोडून दिलेला आकडा मागच्या दाराने परत आला. दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची कल्पना अधिसूचनेत होती. आमच्या दूधवाल्याने एकदाही पिशवी परत मागितली नाही, आणि मीही त्याला कधी विचारलं नाही.

२०१८ च्या त्या बंदीत नॉन-वोव्हन पिशवीही होती. केंद्राने मात्र २०२१ मध्ये वेगळी वाट धरली. साध्या पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. नॉन-वोव्हनला मात्र मायक्रॉन नाही, ६० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला ६० ग्रॅम वजन. वेगळं माप आल्यामुळे दोन्हींची तुलनाच कोणी करेना. ती सोपी आहे. पॉलीप्रॉपिलिनची घनता धरली तर ६० जीएसएममधलं प्लास्टिक सलग पसरवल्यास जेमतेम ६७ मायक्रॉनचा थर होतो. जी पिशवी साधी दिसते तिला १२० हवेत. जी कापडासारखी दिसते तिला त्याच्या निम्म्याच्या आसपास चालतं. आणि कापडासारखी दिसते म्हणून लोक ती अपराधी न वाटता घेतात.

१ जुलै २०२२ पासून काड्या, पेले, ताटल्या यांसारख्या एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी आली. त्याच वर्षअखेरीस राज्याने आपली बंदी सैल केली. कंपोस्ट होणाऱ्या साहित्याच्या काड्या, ताटल्या, पेले चालतील आणि ६० जीएसएमच्या वरच्या नॉन-वोव्हन पिशव्याही चालतील, असं ठरलं. लहान उद्योगांचा रोजगार हा मुद्दा पुढे होता आणि तो खोटा नव्हता. पण सुती पिशव्या शिवून चार पैसे मिळवू लागलेल्या बचत गटांच्या बायकांचाही तो रोजगारच होता.

आमच्याकडे अशी एक हिरवी पिशवी खिडकीच्या खिळ्याला कांद्यांसाठी टांगली होती. उन्हाळा सरता सरता ती काढायला गेलो, तर हँडल हातात आलं आणि उरलेल्या पिशवीचा भुगा झाला. कांदे जमिनीवर घरंगळले. हिरवे कण केरसुणीला लागेनात, फरशीच्या सांध्यांत जाऊन बसले. ओल्या फडक्याने पुसून काढले, फडकं मोरीत धुतलं, आणि कण पाण्याबरोबर गटारात गेले.