वीस टक्के, पण कशाचे? मार्कअप आणि मार्जिन

"आम्ही फक्त वीस टक्के ठेवतो," असं मला क्लायंटकडे फ्रीलान्स काम मिळवून देणाऱ्या एजन्सीचा रिक्रूटर फोनवर म्हणाला तेव्हा मी मनातल्या मनात हिशोब केला. माझा तासाचा दर 800 (आकडे गोल केलेत, चलन तुम्हाला हवं ते धरा). त्याचे वीस टक्के 160. म्हणजे क्लायंटला एजन्सी 960 चं बिल लावणार. ठीक आहे म्हटलं आणि सही करून टाकली.

चार महिन्यांनी एका मीटिंगमध्ये क्लायंटकडच्या मॅनेजरने स्क्रीन शेअर करताना चुकून बजेटची शीट उघडी ठेवली. माझ्या नावापुढे आकडा होता 1000. मी तावातावाने रिक्रूटरला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "हजाराचे वीस टक्के दोनशे. तुम्हाला आठशे मिळतात. चुकलं कुठे?"

चुकलं काहीच नव्हतं. तो मार्जिन सांगत होता, मी मार्कअप ऐकत होते.

दोन्ही शब्द एकाच रकमेबद्दल बोलतात. क्लायंट जे देतो आणि तुमच्या हातात जे पडतं, त्यातला फरक म्हणजे एजन्सीचा हिस्सा. हा हिस्सा तुमच्या दराच्या किती टक्के, हे सांगितलं की मार्कअप. क्लायंटच्या बिलाच्या किती टक्के, हे सांगितलं की मार्जिन. माझ्या बाबतीत हिस्सा 200. आठशेवर मोजला तर 25 टक्के, हजारावर मोजला तर 20. पैसे तेच, पण मार्जिनचा आकडा नेहमी लहान दिसतो. तुमच्याशी बोलताना एजन्सीच्या तोंडी तोच का येतो, हे वेगळं सांगायला नको.

आपला कान फसतो त्याचं मूळ शाळेत आहे, असं मला वाटतं. शेकडा नफा काढायचा तो खरेदीच्या किमतीवर, हे गणिताच्या तासाला इतकं घोटून घेतलेलं असतं की वीस टक्के म्हटलं की आपण आपोआप खालच्या आकड्यावर मोजतो. एजन्सीच्या हिशोबात खरेदीची किंमत म्हणजे आपण. ती मात्र विक्रीच्या किमतीवर मोजत असते.

टक्केवारी लहान असेपर्यंत तफावत जाणवत नाही. 10 टक्के मार्जिन म्हणजे सुमारे 11 टक्के मार्कअप. पुढे मात्र ती झपाट्याने रुंदावते. 30 टक्के मार्जिन म्हणजे जवळजवळ 43 टक्के मार्कअप, आणि 50 टक्के मार्जिन म्हणजे सरळ 100 टक्के, तुमच्याइतकेच पैसे एजन्सीला.

माझाच हिशोब उलटा करून बघा. क्लायंटचे 1000 कायम ठेवले आणि वीस टक्के खरोखर मार्कअप असता, तर मला 833.33 मिळाले असते. तासाला तेहतीस म्हणजे किरकोळच. पण महिन्याचे 160 तास आणि सहा महिन्यांचा करार धरला तर होतात 32,000. माझ्या 800 च्या दराने हे 40 तासांचे, म्हणजे अख्ख्या एका आठवड्याचे पैसे.

एजन्सी फुकट खाते असं मात्र मी म्हणणार नाही. काम शोधणं, क्लायंटच्या मागे लागून बिल वसूल करणं, आणि कधीकधी क्लायंटचे पैसे यायच्या आधीच तुमचे देणं, यात तिचेही पैसे अडकतात. म्हणून टक्के ऐकून भडकण्याआधी त्यात काय काय धरलंय ते विचारावं. एजन्सीच्या पेरोलवर माणूस असेल तर तिला नोकरदारासाठीचे भरणेही करावे लागतात. तुम्ही फ्रीलान्सर म्हणून स्वतः बिल देत असाल, कर आणि विमा स्वतःच बघत असाल, तर तो खर्च तिच्या हिश्श्यात असायचं कारण नाही. घासाघीस करायला ही सगळ्यात भक्कम जागा. दुसरी जागा मुदतवाढीची. माणूस शोधण्याचं काम एकदाच होतं, मग दुसऱ्या करारात हिस्सा तोच का?

करारात मात्र टक्केवारीचा शब्द लिहून थांबू नका. दर बदलला की काय होणार, तेही लिहून घ्या. समजा क्लायंटने बिल 1000 वरून 1100 केलं. 20 टक्के मार्जिन ठरलं असेल तर वाढीतले 80 तुमचे. 25 टक्के मार्कअप ठरला असेल तरीही 80च, कारण मुळात ती एकच गोष्ट. पण एजन्सीचा हिस्सा तासाला 200 असा ठोक ठरवला असेल, तर शंभरच्या शंभर तुमचे. ऐकायला छान वाटतं. पण क्लायंटने बिल 900 वर आणलं तर? ठोक हिश्श्यात तुम्ही 700 वर येता, टक्केवारीत 720 वर. बाजार मंदावलेला असताना ठोक रक्कम गळ्याशी येते. म्हणून मी हल्ली माझाच दर ठोक लिहून घेते आणि पुढे एक वाक्य जोडते: क्लायंटने मागितलेली सवलत एजन्सीच्या हिश्श्यातून जाईल, माझी लेखी संमती असल्याशिवाय माझा दर कमी होणार नाही. हे वाक्य सगळ्याच एजन्सी मान्य करत नाहीत. निम्मी-निम्मी सवलत सोसू, इथवर बऱ्याचदा येतात.

बिलाचा आकडा सांगायला काही एजन्सी साफ नकार देतात. काही करारांत तर क्लायंटशी दराबद्दल बोलायचंच नाही असं कलम असतं, ते सहीच्या आधी शोधा. आकडा कळणारच नसेल तर टक्क्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्हाला परवडणारा दर सांगा आणि त्यावर ठाम राहा.

परवा एका नव्या एजन्सीचा फोन आला. "आमचं मार्जिन अगदी कमी, पंधरा टक्के," पलीकडची बाई म्हणाली. मी विचारलं, "म्हणजे क्लायंटला बिल कितीचं जाणार आणि मला किती मिळणार? दोन्ही आकडे मेलवर पाठवाल?" थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "विचारून कळवते." संध्याकाळी मेल आला. त्यात दोन्ही आकडे होते आणि माझ्या दरावर मोजले तर टक्के आले होते जवळजवळ अठरा.