पार्श्वभूमी: प्रौढांचा एडीएचडी आणि वयाची अट

नोकरी बदलते, मूल होतं, घटस्फोट होतो आणि आजवर कशीबशी बसवलेली घडी विस्कटते. झोप उडते, बिलं थकतात, माणूस 'अँग्झायटी' म्हणून थेरपिस्टकडे जातो. मुळात एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलता आणि उतावळेपणा असतो असा मेंदूविकासाचा विकार) असावा, हे अनेकांना तिथे पहिल्यांदा कळतं, तेही चाळिशीत. इतक्या उशिरा का, याचं बरंचसं उत्तर निदानाच्या निकषांत आहे.

1902 सालची लंडनमधली व्याख्यानं, 1937 चा बेन्झेड्रिन या उत्तेजक औषधाचा प्रयोग, एडीएचडीचा हा इतिहास मुलांचाच. 1980 च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत मोठ्यांच्या वाट्याला 'अवशिष्ट प्रकार' आला, म्हणजे बालपणीच्या विकाराचं उरलंसुरलं. त्याच आवृत्तीत जुन्या 'चिंता-न्यूरोसिस'ची फोड होऊन पॅनिक आणि सार्वत्रिक चिंता अशी दोन स्वतंत्र निदानं झाली. प्रौढाला चिंतेचं लेबल सहज लागायचं, एडीएचडीच्या निदानाची वाट बिकट.

खरा वाद वयाचा. त्याच पुस्तिकेच्या 1994 च्या निकषांप्रमाणे लक्षणांचा त्रास 7 वर्षांच्या आत सुरू झालेला हवा. हे निकष तपासले होते 4 ते 17 वयाच्या मुलामुलींवर. वस्तू हरवण्याच्या उदाहरणांत खेळणी आणि पेन्सिली! 2013 मध्ये मर्यादा 12 वर गेली आणि 17 वर्षं आणि त्यापुढच्यांना सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी ठरली. यादीत पाकीट, किल्ल्या, चष्मा, मोबाइल आले. निदानं फुगतील, औषधं वाढतील, शिवाय तीस वर्षांपूर्वीचं कुणाला नेमकं आठवतं, अशी टीका झाली. आठवणीचा मुद्दा रास्तच आहे, पण तो 7 च्या अटीला जास्त लागू होता. वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी सातव्या वर्षी कुणाच्या डोळ्यांवर येणार? तिची तारांबळ उडते ती अभ्यास वाढल्यावर. आकड्यांच्या भांडणात एक मोठा बदल मात्र झाकला गेला: आता 12 च्या आत काही लक्षणं दिसलेली असली तरी चालतात, त्यांचा त्रास तेव्हाच झालेला असायची गरज नाही.

निदानानंतर उपचारांचा प्रश्न येतो आणि तिथे 'होलिस्टिक' (माणसाचा समग्र विचार करणारा) हा शब्द भेटतो. तो 1926 मधल्या एका तत्त्वचिंतनपर ग्रंथातल्या संकल्पनेवरून आला. 1977 मध्ये वैद्यकात शरीर, मन आणि समाज यांचा एकत्र विचार मांडला गेला, 1979 मध्ये माइंडफुलनेसचा (वर्तमान क्षणाकडे सजग लक्ष देण्याचा) काही आठवड्यांचा कार्यक्रम अमेरिकेतल्या एका रुग्णालयात सुरू झाला. पुढे शब्द इतका सैल झाला की झोपेचं वेळापत्रकही होलिस्टिक आणि स्फटिकही. प्रौढ एडीएचडीपुरतं पाहिलं तर 2010 मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी बोलकी आहे. औषध चालू असूनही लक्षणं उरलेल्या 86 प्रौढांपैकी काहींना माहिती, आधार आणि शिथिलीकरण मिळालं. बाकीच्यांना सीबीटी (विचार आणि वर्तन बदलायला शिकवणारी थेरपी), त्यात कॅलेंडर आणि कामांची यादी रोज वापरायचा सराव. सरस ठरला तो यादीवाला गट.